एकशे तेरा नंबरचं दार

"मेल पाठवली असती तर पोचली असती, मॅडम," मालक म्हणाले. "इंटरनेट काय पोस्टमन आहे, वाटेत चहाला थांबायला?"

मी केबिनमध्ये उभा होतो. बसायला कुणी सांगितलं नव्हतं, कधीच सांगत नसत. डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या रंग-रसायनांच्या कारखान्यात माझी ओळख 'आयटीआयवाला पाटील' एवढीच होती. शहाडला टीव्ही दुरुस्त करता करता मी लिनक्स शिकलो. कारखान्याचा मेल सर्व्हर आणि फायरवॉल मी एकट्याने उभा केला. पण अंधेरीच्या एका कॉम्प्युटर कंपनीचं रंगीत ब्रोशर मालकांच्या टेबलावर काचेखाली होतं आणि माझा करार त्या दिवशी नव्याने ठरायचा होता.

त्यात सकाळी हॉलंडहून फॅक्स आला. सोमवारपासून तीन मेल पाठवल्या, एकीलाही उत्तर नाही. आज संध्याकाळपर्यंत कळवा, नाहीतर ट्रायल ऑर्डर दुसऱ्याला देतो.

एक्सपोर्ट वैद्य मॅडम बघायच्या. हे गिऱ्हाईक त्यांनीच वर्षभर मागे लागून आणलेलं. "मला एकच मेल आली," त्या म्हणाल्या. "तिला सोमवारीच उत्तर दिलंय."

"त्यांनी तीन पाठवल्या, तुम्हाला एक मिळाली. बाकी सगळ्या जगाच्या मेल नीट येतात. मी काय समजायचं?"

"फॅक्सने आत्ता कळवते."

"कळवा. आणि उद्यापासून डिस्पॅचला बसा. हे टेबल दुसरं कोणीतरी बघेल."

मॅडमनी फॅक्सचा कागद उचलला. या कारखान्यात मला पहिल्यांदा आणलं ते त्यांनीच. मी म्हटलं, "साहेब, दहा मिनिटं द्या. सर्व्हर बघतो."

"तुझ्या कराराचं बोलायचंय."

"ते नंतर."

सर्व्हर अकाउंट्सच्या मागच्या खोलीत होता. आधी रांग पाहिली. न पोचलेल्या मेल सर्व्हर टाकून देत नाही, काही दिवस रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. मॅडमचं उत्तर तिथेच होतं. सोमवार, अकरा वाजून चार मिनिटं. म्हणजे बाई खरं बोलत होत्या.

मग अडलं कुठे? लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, उघडला. सोमवार, अकरा वाजून चार मिनिटं: हॉलंडच्या सर्व्हरने आमचं एकशे तेरा नंबरचं दार ठोठावलं. घुसखोर. कायमचा बंद.

हे जरा समजावतो. सर्व्हरला हजारो नंबरांची दारं असतात. कोणतं उघडं, कोणतं बंद, हे फायरवॉल ठरवतो. त्याच्या जोडीला मी आणखी एक सॉफ्टवेअर बसवलं होतं. ते बंद दारांवर कान ठेवून बसायचं. कुणी ठोठावलं की तो चोर, त्याच्याशी सगळा व्यवहार तोडायचा. पण काही सर्व्हरची एक जुनी पद्धत असते. तुमचा माणूस चिठ्ठी घेऊन त्यांच्या गेटवर गेला की त्यांचा वॉचमन उलट तुमच्या गेटवर फोन करतो, 'हा तुमचाच का?' तो फोन येतो एकशे तेरावर. म्हणून सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनीच हा नंबर, आणखी एका नंबरासोबत, अपवादाच्या यादीत टाकलेला होता.

तो अपवाद गेल्या शनिवारी मी काढला. मालकांना यादी दाखवत होतो. कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघणारा माणूस. त्यांनी विचारलं, "ही दोन दारं का सोडली?" मला उत्तर येत नव्हतं. येत नाही म्हणालो असतो तर अंधेरीवाले आत आले असते. मी म्हटलं, "काढून टाकतो, साहेब," आणि त्यांच्यासमोर दोन्ही नंबर खोडले.

आणखी एक होतं. मेल अडकली की चार तासांनी पाठवणाऱ्याला नोटीस जाते. ती मी कधीचीच बंद केलेली. लोक वाचायचे आणि मला फोन करायचे, त्याचा वैताग यायचा.

सगळा दोष फोन लाइनवर ढकलता आला असता. डोंबिवलीत फोन लाइनची बाजू कुणीच घेत नसे. पण मग लाइन बंद असताना बाकीच्या मेल कशा आल्या, हा प्रश्न उरायचा आणि तो मॅडमच्याच गळ्यात पडायचा. मी अपवाद परत घातला, हॉलंडला मोकळं केलं, रांग ढकलली. पाच मिनिटांत मेल गेली. लॉगचा कागद छापून केबिनमध्ये गेलो.

"मॅडमनी सोमवारीच पाठवलेली. ही वेळ बघा. अडवली माझ्या सॉफ्टवेअरने."

"का अडवली?"

"शनिवारी तुम्हीच म्हणालात, ही दारं का सोडली." माझा आवाज चढला होता. "तुमच्या सांगण्यावरून काढली."

"मी रंग बनवतो, पाटील. उद्या म्हणेन कारखान्याला छप्पर नको. काढशील?"

 यावर मला आजही उत्तर सुचत नाही, म्हणून त्यांचा जास्तच राग येतो.

मॅडमनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "आणि नोटीस? ती का नाही आली मला?"

"मीच बंद केलेली."

"मला विचारायचंस तरी, रे."

संध्याकाळपर्यंत हॉलंडच्या अडकलेल्या दोन्ही मेल आल्या. ऑर्डर राहिली. टेबल मॅडमकडेच राहिलं. माझा करार मात्र अंधेरीला गेला. टाय लावलेले दोन इंजिनीअर आले. त्यांनी काय बदललं, ते मी पुढे मॅडमना विचारलं. पासवर्ड, त्या म्हणाल्या. बाकी सगळं माझंच चालू होतं.

मी अजूनही कामाचा सौदा करतो आणि घासून करतो. भाव खाली येऊ शकतो. पण गिऱ्हाइकाने 'हे कशाला?' विचारलं आणि मला ठाऊक नसेल, तर 'उद्या सांगतो' म्हणतो आणि हात लावत नाही. यात दोन कामं गेली आहेत. ती गेलेली परवडली.