पोरगी खोटं बोलते असं मला वाटलं

माझी मोठी मुलगी पाचवीत होती आणि मी तिला लबाड समजत होतो. बालाघाटच्या ज्या शाळेत ती शिकत होती तिथेच मी शिक्षक होतो, म्हणून ते मला जास्तच लागलं. फळ्यावरची गणितं ती शेजारणीच्या वहीतून उतरवून घ्यायची. तिचे वर्गशिक्षक मला सर्वांसमोर म्हणाले, "गुरुजी, आपकी बिटिया तो पक्की नकलची निकली!"

घरी मी विचारलं, "काहून वं, दुसरीच्या वहीत पाहून राह्यली?"

"मले फळ्यावरचं दिसत नाही, बाबा."

तिची आई तिथेच होती. "दिसत नाही म्हणते, अन् तांदळातला खडा एक सुटत नाही हिच्या हातून. नाटक आहे सारं!"

मलाही ते पटलं. तांदूळ निवडण्यात घरात तिचा हात कोणी धरत नसे. सुपात जवळजवळ नाक घालून ती मोहरीएवढा खडाही वेचायची. किती मन लावून करते, एवढंच मला त्यात दिसायचं.

मग मी तिच्यावर पाळत ठेवली. तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवायला सांगितलं. तिमाहीत ती गणितात नापास झाली. मुद्दाम केलं, असं मी धरलं आणि सांगून टाकलं की वार्षिक परीक्षा झाली की शाळेतून तुझं नाव काढतो. ती रडली नाही. तेही मला निगरगट्टपणाचं वाटलं.

पुढे एकदा लांजीच्या बस अड्ड्यावर तिला पिशवीजवळ उभी करून मी पाणी प्यायला गेलो. परत येतो तर ती एका परक्या माणसाचा हात धरून गाडीकडे निघालेली. तिथेही माझ्या मनात आधी वाईटच आलं: कोण हा, हिची याच्याशी ओळख कशी? मी ओरडलो. तिने त्या माणसाकडे मान वर करून डोळे बारीक करत पाहिलं आणि झटक्यात हात सोडला. माझ्यासारखाच त्याचाही सदरा पांढरा होता, हातात काळी छत्री होती.

"घ्या भाऊ," तो हसला, "तुमची पोरगी मलेच बाबा म्हणून राह्यली!"

मला हसता आलं नाही. गाडीत बसल्यावर मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "त्या धानाच्या बांधीत बैल किती आहेत?"

"कुठी बैल?"

समोरच होते. चार.

"गोंदियाले जाऊ," मी म्हणालो. "डॉक्टरले डोळे दाखवू."

"मंग माहं नाव नाही काढत ना?"

"नाही काढत."

तिने आपलं तोंड माझ्या तोंडाजवळ आणलं आणि मी खरं बोलतोय का, ते बराच वेळ निरखत राहिली.