वीतभर बोट

फुलपाड्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा माझा आहे. शाळेची नोकरी सांभाळून मी तिथे छोट्या प्रतिकृती बनवते. गेल्या वर्षी लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पाहिलेली मासेमारीची बोट केली. जेमतेम वीतभर. निळा अ‍ॅक्रिलिक रंग, वर लाल पट्टा. मी स्वतःवरच बेहद्द खूश.

रविवारी अर्नाळ्याच्या मावशी मासे घेऊन आल्या. कित्येक वर्षं त्या आमच्याकडे मासे विकायला येतात. दारात बसून बोंबील साफ करता करता त्यांची नजर टेबलावर गेली.

“ही होडी कधी पान्यात गेलीच नाय वाटतं,” त्या म्हणाल्या. “देव्हाऱ्यात ठेवायची हाय का?”

मी हसले, पण मनाला लागलं. “मग खरी कशी दिसते?”

मावशींनी सुरी खाली ठेवली आणि सांगायला लागल्या. फळ्यांच्या सांध्यांत काळं साचतं. खिळ्यांखाली गंजाचे ओघळ येतात. तळाला हिरवट शेवाळ धरतं.

संध्याकाळी मी काळपट तपकिरी रंगात पाणी ओतून तो कोऱ्या चहाइतका पातळ केला आणि बोटीवर सोडला. तो सांध्यांत उतरायला हवा होता. पण अळूच्या पानावर पाणी राहावं तसे त्याचे थेंब वरच बसले आणि वाळल्यावर गोल गोल डाग पडले.

“बोटीला नायटा झालाय,” नवरा म्हणाला.

पुन्हा सगळी निळी रंगवली. दुसऱ्या खेपेला त्या पातळ रंगात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब टाकला. ब्रश टेकवला मात्र, रंग आपोआप फळ्याफळ्यांमधून धावत गेला! वरचा तेवढा ओल्या कापसाने टिपला. मग खिळ्यांखाली गंजाचा, तळाला हिरवट. मी खुर्चीतून उठून नवऱ्याला ओढत आणलं.

पुढच्या रविवारी मावशींनी बोट हातात घेतली आणि तळाच्या शेवाळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, “आमच्या ह्यांना दाखवते. नेऊ का?”

त्यांचे यजमान जन्मभर तांडेल होते, स्वतःची बोट चालवायचे. आता गुडघ्यांमुळे घरीच असतात. मावशींनी बोट टॉवेलात गुंडाळून नेली आणि आठवड्याने परत आणली ती यजमानांसकट, रिक्षाने. काका सोफ्यावर बसले, बोट मांडीवर.

“बोट बरोबर हाय,” ते म्हणाले. “पन मालक आळशी दिसतो. नारळी पुनवेच्या आधी नाळ तरी रंगवायला नको?”

“तुम्ही कधी रंगवलेली?” मावशी उसळल्या. “डबा घेऊन मीच उभी असायची!”

मी ब्रश काकांच्या हातात दिला. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, लाल पट्टा त्यांनी एका दमात, सरळ ओढला. दोन थेंब माझ्या टेबलक्लॉथवर पडले. मग मागे रेलून म्हणाले, “दुसरी कधी करताय? तिला जाळं मी विनून देतो.”

मावशींनी त्यांच्याकडे ‘विननार कोन, मीच ना?’ असं पाहिलं, की मला हसू आवरेना. गप्पांत मावशींनी आणलेले मासे साफ करायचे तसेच राहिले, आणि दुपारी आम्ही चौघांनी मिळून वरणभात खाल्ला.