अंदाजाशी हाडवैर

अंदाजाशी माझ्या बायकोच्या मामांइतकं हाडवैर धरणारा दुसरा माणूस अख्ख्या नवी मुंबईत सापडायचा नाही. मामा मूळचे जासईचे, आता जुईनगरला आमच्याच सोसायटीत, आणि नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. रुग्णाच्या रक्तात जंतू शिरले की त्यांना कुठलं औषध मारेल ते शोधायचं. बशीत जंतू पसरायचे, वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी टिकल्या ठेवायच्या आणि टिकलीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ पट्टीने मोजायचं. ही पट्टी घरीही त्यांच्या हातातून सुटत नसे. डास वाढले तेव्हा चार कोपऱ्यांत चार कंपन्यांच्या अगरबत्त्या लावून कुठल्या अगरबत्तीपासून डास किती लांब बसतात ते मामा मोजत बसले आणि डासांनी त्यांनाच फोडून काढलं. रुसलेल्या मामी कशाने हसतात, याचीसुद्धा वही होती. ‘गजरा: उपयोग नाही. माफी: थोडा. भांडी घासणे: उत्तम.’ ती वही मामींच्या हाती लागली आणि पुढे आठवडाभर कुठलंच औषध लागू पडेना.

पूर्वी या तपासणीला दोन दिवस लागत. मग काही तासांतच निकाल देणारी नवी पद्धत आली. चार तासांनी बघायचं, वर्तुळ धड दिसलं नाही तर गप्प बसून सहाव्या तासाला पुन्हा बघायचं. हा नियम मामांना इतका आवडला की भाजीत मीठ बरोबर आहे का विचारलं, तरी ते म्हणत, “दोन तासांनी सांगतो.”

गेल्या वर्षी माझी बायकोच आयसीयूत गेली. रक्तात जंतू. डॉक्टरांनी अंदाजाने औषध सुरू केलं होतं, पण ताप हटेना, रक्तदाब घसरत चाललेला. मामांनी तपासणी लावली. चार तास झाले तसा मी लॅबच्या दारात धावलो.

“मामा, चालू औषध लागू आहे ना?”

“वर्तुल धड दिसत नाय, जावय. आता नाय सांगनार.”

“अहो, तुमची भाची आहे! अंदाजे तरी सांगा!”

“अंदाजे तं डॉक्टरनी दिलंच हाय ना.”

मी त्यांना नको नको ते बोललो. ते आत गेले. सहाव्या तासाला त्यांनीच डॉक्टरांना फोन केला. चालू औषध कुचकामी होतं, दुसरं लागू होतं. ते दिलं आणि दोन दिवसांत ताप उतरला.

बायको घरी आल्यावर मी मामांची माफी मागितली आणि विचारलं, लॅबच्याच मजल्यावर तर होती ती, रिपोर्ट होईपर्यंत एकदाही बघायला का आला नाहीत? मामांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली. मग डोळे पुसत म्हणाले,

“तिचं तोंड बगितलं असतं, तं चवथ्या तासालाच तुमाला हो म्हनून बसलो असतो.”