विहाराची शिंगं

आमचे डोमाजीमामा बाभुळगावात बैलगाड्या बनवायचे. सरळ रेघ दिसली की त्यांचं डोकं फिरायचं. धम्मदीक्षेनंतर चार वर्षांनी वस्तीनं विहार बांधायला काढला, तेव्हा कुणीतरी नागपूरहून सयामातल्या, म्हणजे थायलंडच्या विहाराचं चित्र आणलं. छपरावर छप्पर, आणि प्रत्येक टोकाला वर वळलेलं अणकुचीदार काहीतरी.

"हे त शिंगं हायेत!" मामा खुश झाले.

नकाशा करणारे ओव्हरसियर सदाशिवराव मात्र नव्या विचारांचे. "वर सपाट स्लॅब, बस. नक्षीबिक्षी आता जुनी झाली, डोमाजी. जमान्यासोबत चाला."

"म्हंजे ह्या वयात शिंगं मोडून वासरात घुसू काय?" मामा भडकले.

शेवटी स्लॅब सपाटच झाला, पण चारही कोपऱ्यांवर मामांची सागवानी शिंगं उभी राहिली. वरून लालभडक रंग. पोळ्याला बैलांच्या शिंगांना घालतात तशा पितळी शेंब्याही त्यांनी टोकांवर ठोकल्या. सदाशिवराव महिनाभर त्या रस्त्यानं फिरकले नाहीत.

दोन वर्षांनी खरोखरचे सयामी भंते आले. वर बघून ते इतके हसले की त्यांना चीवर सावरावं लागलं. सोबतच्या दुभाष्यानं सांगितलं, "भंते म्हणतात, आमच्याकडे तिथं शिंग नसतं. पाखराचं डोकं असतं."

सगळी वस्ती मामांकडे बघायला लागली. मामांनी भंतेंना वाकून वंदन केलं आणि दुभाष्याला म्हणाले, "इचारा त्यायले, मंग तिकडं वखर काय पाखरं ओढतात?"