एकशे बाराव्या पानावरचा आरसा

माझी बायको ज्या घरी पाहुणी म्हणून जाते, त्या घरातल्या पलंगाची उंची मोजते. थट्टा नाही, खरंच मोजते. पर्समध्ये शिंप्याची टेप असते. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या मावशीकडे गेलो, तर चहा येईपर्यंत हिने वाकून टेप लावलीसुद्धा. "मावशी, यावर कोण झोपतं? आणि खाली कोण?" मावशीने मला आत बोलावून हळूच विचारलं, "अरे, मुलगी शिकलेली आहे ना नक्की?"

शिकलेली होती, जरा जास्तच. कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची. विद्यार्थी तिला बाई म्हणतात म्हणून मीही चेष्टेने बाईच म्हणू लागलो आणि तेच तोंडात बसलं. बाईंना आयुष्यभर एकच प्रश्न पडला. संकट सगळ्यांवर सारखंच येतं म्हणतात, मग दर वेळी मरणारी माणसं ठरावीकच कशी?

तीस वर्षांपूर्वी नदीचं पाणी पहाटे चारला खालच्या वस्तीत शिरलं, तेव्हा ती तिशीची होती. चिखल वाळायच्या आत ही फॉर्मांचा गठ्ठा घेऊन दारोदार फिरायला लागली. प्रत्येक दाराशी तेच विचारायचं: घरात माणसं किती, कामं काय करता, त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं, आणि जमिनीपासून किती वर. त्यातून तिने मेलेल्यांची यादी केली. दोनशे अकरा माणसं. अशा संशोधनात नावं देत नाहीत. वय, काम, झोपण्याची उंची, आणि शेवटच्या रकान्यात मागे कोण राहिलं ते. जमिनीवर झोपणारे गेले, पलंगावरचे बरेचसे वाचले, माडीवरचे सगळे वाचले. यादीच्या डोक्यावर तिने लिहिलं होतं, 'ही यादी पूर्ण आहे.' त्या वाक्याचा तिला फार अभिमान.

त्या यादीचं पुस्तक झालं. पुस्तकाची बांधणी माझ्या दुकानात झाली, आणि पुठ्ठ्याच्या रंगावरून आमचं जे भांडण जुंपलं, ते लग्न होऊनही मिटलेलं नाही.

यंदा बाई निवृत्त होणार होत्या. विद्यार्थ्यांनी ठरवलं की निरोपाच्या दिवशी पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची. छापलेले कागद माझ्याकडे येऊन पडले होते, चारशे प्रतींचे. समारंभाला नऊ दिवस होते. मी शिवणीला बसलो होतो, बाई स्टुलावर बसून पुठ्ठ्याच्या रंगाला नावं ठेवत होत्या, आणि तेवढ्यात एक नर्सबाई दुकानात आल्या. चाळिशीच्या आतबाहेर वय, ड्यूटीवरून तशाच आलेल्या. हातात पहिल्या आवृत्तीची लायब्ररीची प्रत.

"मॅडम, माझी मुलगी कॉलेजात आहे. तिला हे अभ्यासाला लावलंय," त्या म्हणाल्या. "मी सहज चाळत होते. माझी काही तक्रार नाही हं. पण हा आरसा आमचा आहे."

त्यांनी एकशे बारावं पान उघडलं. तो फोटो मला पाठ आहे. एका दुमजली इमारतीच्या जिन्याखालची भिंत, तिच्यावर पाण्याची रेघ, शेजारी धरलेली बाईंची टेप. खाली ओळ: 'पाण्याची खूण, सहा फूट एक इंच.' आणि रेघेच्या खाली खिळ्याला एक छोटा आरसा, चिखलाने माखलेला. तीस वर्षांत मी त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

"मी सारखा पाडायचे, म्हणून आईने तारेने बांधून टाकला होता. कोपऱ्याला ही बघा चिकटपट्टी. आई त्या इमारतीतल्या सहाही घरांचा स्वयंपाक करायची. आम्ही दोघी जिन्याखालीच राहायचो. त्या आठवड्यात मी मामाकडे होते, आठ वर्षांची."

"आणि आई?" बाईंनी विचारलं.

"मामा चौथ्या दिवशी बघायला गेला. तिथले लोक म्हणाले, काम सोडून निघून गेली वाटतं. प्रेतही मिळालं नव्हतं, आणि पुढे कुठल्याच यादीत ती आली नाही. मामा मला जन्मभर म्हणत आला, तुझ्या आईने तुला टाकलं." त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "पण मॅडम, घर सोडून जाणारी बाई आरसा-फणी मागे ठेवते का?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "मला तीन दिवस द्या."

त्या सहा घरांतलं एकच माणूस आता हयात होतं, वरच्या मजल्यावरचे शाळामास्तर. वय नव्वद, मुलाकडे राहतात. मी बाईंना स्कूटरवर घेऊन गेलो. मास्तरांचे कान गेलेत, पण डोकं शाबूत आहे.

"जिन्याखालची ना? होती की. दहाला दिवा मालवायची. त्या रात्रीही मला गरम पाणी देऊन गेली, खाली जाऊन दिवा मालवला. मी वरून बघितलं."

"मग मी आले तेव्हा सांगितलं का नाही, मास्तर?"

"तुम्ही विचारलंत, घरात माणसं किती. आमच्या घरात पाच. ती आमच्या घरात कुठे होती? वाटलं, खालच्यांनी सांगितलं असेल."

खालच्यांनाही असंच वाटलं असणार, की वरच्यांनी सांगितलं असेल. परतताना बाई माझ्या पाठीला डोकं टेकून बसली. असं ती तरुणपणीही कधी बसली नव्हती.

घरी आल्यावर जेवली नाही. "अहो, त्याच जिन्यावर बसून मी सहा घरांचे फॉर्म भरले. तिच्या आरशाशेजारी टेप धरली. माझा फॉर्म दारापासून सुरू व्हायचा, आणि तिला दारच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ना, तसं झालं बघा माझं."

मला तिची कीव आली, आणि माणूस कीव आली की मूर्खासारखं बोलतो. मी म्हणालो, "जाऊ दे गं. तीस वर्षांत कुणाच्या लक्षात तरी आलं का?"

"तिच्या मुलीच्या आलं!" असं ओरडली की शेजाऱ्यांनी रेडिओ बारीक केला.

तिने कॉलेजात सगळं कळवलं, आणि दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांचा फोन. हा तिचाच जुना विद्यार्थी, मनाने चांगला. म्हणाला, "बाई, एका माणसाने निष्कर्ष बदलत नाही. दोनशे अकरा हा आकडा सगळीकडे गेलाय. निरोपाच्या दिवशी स्वतःच्याच पुस्तकात चूक कशाला दाखवायची? पुढे सावकाश एखादा लेख लिहू."

खरं सांगतो, मलाही ते पटलं होतं. बाईंच्या आयुष्यातली ती एकमेव मोठी संध्याकाळ होती, आणि चारशे प्रतींत 'ही यादी पूर्ण आहे' हे वाक्य छापून बसलं होतं.

बाई म्हणाल्या, "निष्कर्ष बदलत नाही हे मलाही कळतं रे. पण तिच्या मुलीचं आयुष्य त्या यादीवरून ठरलं. तिची आई निघून गेली असं जे ठरलं, ते माझ्या यादीत नव्हती म्हणून." फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "शुद्धिपत्र चिकटवायला किती दिवस लागतील?"

"चारशे प्रतींना? तू खळ करायला बसलीस तर दोन."

"बसते."

कोपऱ्यावरच्या छापखान्यातून चिठ्ठ्या छापून आणल्या. खळ तिने केली, गुठळ्यांसकट. पुस्तकं आयुष्यभर लिहिली, पण खळ काही जमली नाही. मी गुपचूप गाळून घेतली. दुसऱ्या दुपारी नर्सबाईंना बोलावलं. त्या सुट्टी घेऊन आल्या आणि न सांगताच ब्रश हातात घेऊन बसल्या.

बाईंनी पहिली चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली. "वाचा. काही चुकलं असेल तर आत्ताच सांगा."

त्यांनी मोठ्याने वाचलं. "'ही यादी पूर्ण आहे, हे वाक्य खोटं ठरलं आहे. लेखिकेने फक्त दारं मोजली. पान एकशे बारावरचा आरसा ज्या स्त्रीचा होता, तिची नोंद राहिली. दोनशे बारा. वय चौतीस. सहा घरांचा स्वयंपाक. झोपण्याची उंची: जमीन. पुरात मृत्यू.'" शेवटच्या रकान्याशी त्या थांबल्या. मग बारीक आवाजात, शाळेत वाचतात तशा वाचल्या. "'मागे: मुलगी एक, वय आठ.'"

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला. दोघींच्या बोटांना खळ लागली होती.

"चुकलं नाही ना काही?" बाईंनी विचारलं.

"नाही." नर्सबाईंनी डोळे मनगटाने पुसले. "मॅडम, यातली एक जास्तीची मिळेल? मामा अजून आहे. त्याला वाचता येतं."