आबांना घरी ठेवणाऱ्या डॉक्टर निर्मलाबाई

डॉक्टर निर्मलाबाईंना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा त्या माझ्या आईला रागावत होत्या. लातूर जिल्हा नवा झाला होता. दुष्काळ होता, आणि रोजगार हमीच्या कामावर आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, डोक्याला दगड लागला होता. जखम भरली, पण आबा पाणी मागत आणि कळशीवर पालथा घातलेला तांब्या समोर असूनही घेत नसत. "सोंग करायलाय," असे भावकीने ठरवले. पुढे वेडच लागले म्हणून वेड्यांच्या इस्पितळात सोडायचेही ठरले. निघताना जखम दाखवावी म्हणून आई त्यांना आणि मला घेऊन दवाखान्यात बाईंकडे आली होती. इस्पितळाचे ऐकून बाई आधी तिलाच रागावल्या.

मग बाईंनी पेल्याचे बूड तेवढे दिसेल असा पेला आबांसमोर धरला. "हे काय आहे?"

"चकती हाय."

बाईंनी पेला नीट उभा केला.

"पेला हाय की! मघाशी कुठं लपिवला व्हता?"

बाई हसल्या, आई रडू लागली. बाईंनी समजावले, "डोळे चांगले आहेत, अक्कलही शाबूत आहे. उलटी-आडवी दिसलेली वस्तू आपण मनात सरळ करून ओळखतो. यांचं तेवढंच बिघडलंय. कुठं पाठवू नका."

रविवारी बाई एसटीने आमच्या गावी आल्या. घासलेली भांडी पालथी घालायची आमची रीत. दुष्काळात तर भरायला काही नसल्याने सगळी मांडणीच पालथी. बाईंनी पदर खोचला आणि एकेक भांडे उभे केले.

आई कुरकुरली, "उघड्या भांड्यात पाल पडंल की, बाई!"

"पडली तर पुन्हा घासा. नवरा पुन्हा मिळायचा नाही."

त्या संध्याकाळी आबांनी आपल्या हाताने पाणी घेतले.

पुढे मी परिचारिका होऊन बाईंच्याच हाताखाली आले. बाईंचे अक्षर त्यांना स्वतःलाही लागत नसे, आणि चुकल्याची बोलणी मात्र मला बसत! पण नव्या रोग्याच्या वॉर्डात त्या आधी रिकाम्या खाटेवर आडव्या होत. आडवे झाल्याशिवाय रोग्याला काय दिसते ते कळत नाही, असे म्हणत. वॉर्डबॉय तोंड फिरवून हसत. मीही हसले आहे. आज त्याची लाज वाटते.

हा लेख लिहिते आहे म्हटल्यावर आई म्हणाली, "बाईला सांग, तुझा बाप घरातच, माझ्या मांडीवर गेला."

बाई, तुमची पंच्याहत्तरी झाली, आता शंभरी गाठा. गुडघे साथ देवोत. आणि आबांना जशी लाभली, तशी आपली माणसे तुम्हालाही अखेरपर्यंत उशाशी लाभोत.