मामांची दुसरी बॅटरी

जगातली निम्मी दुःखं आयसोलेटर न बसवल्यामुळे झालेली आहेत, असं मानणारा माणूस पृथ्वीतलावर एकच असेल, आणि ते नेमके माझ्या बायकोचे मामा निघावेत हे माझं नशीब. राहायला मरोळला. जुन्या व्हॅनमध्ये त्यांनी पंखा, मिक्सर, छोटा फ्रीज असा संसार थाटलाय आणि त्यासाठी मागच्या सीटखाली दुसरी बॅटरी बसवलीय. "इंजिनाची बॅटरी वेगळी, चैनीची वेगळी, मध्ये आयसोलेटर. गाडी थांबली की दोघींची फारकत! चैनीने कितीही उधळलं तरी इंजिनाच्या ताटातलं खाणार नाही," हे मी साखरपुड्यात ऐकलं, लग्नात ऐकलं, आणि मुलाच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात धरूनही ऐकलं. एकदा वाकोल्याच्या सिग्नलला त्यांनी आइस्क्रीमच्या टेम्पोची काच ठोठावून ड्रायव्हरला विचारलं, "फ्रीजची बॅटरी वेगळी आहे ना रे?" तो बिचारा इतका घाबरला, की एक कुल्फी देऊन त्याने सुटका करून घेतली. ती खात खात मामांनी त्याला काचेवर बोटाने आकृती काढून दाखवली. मागे हॉर्न बोंबलत होते.

या वेडाचं मूळ म्हणजे मामी. तीन वर्षांपूर्वी मनोरीच्या किनाऱ्यावर मामांनी एकाच बॅटरीवर दिवसभर पंखा फिरवला, सोलकढीचं खोबरं वाटलं, आणि संध्याकाळी गाडीने मान टाकली. नवी पैठणी नेसलेल्या मामींनी ती वाळूतून ढकलली. "परत ह्या डब्यात पाय ठेवूचंय नाय," असं म्हणाल्या, आणि खरंच ठेवला नाही. आयसोलेटर आला, तरी नाही. मामा दर रविवारी खाली व्हॅनमध्ये पंखा लावून एकटेच बसायचे. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी परवाच्या दसऱ्याला, सणाच्या दिवशी मामांचं मन मोडू नये म्हणून मामी तयार झाल्या. भाईंदरवरून वळसा घालून मामा-मामी आणि आम्ही नवरा-बायको असे चौघं मनोरीला पोचलो. मामांनी ऐटीत पंख्याचं बटण दाबलं. पंखा ढिम्म! सीट उचलली, तर खाली नुसत्या तारा. आदल्या दिवशी खंडेनवमीला सगळे हत्यारं पुजतात, तशी मामांनी ती बॅटरी हळदकुंकू वाहून देवघरात पाटावर बसवली होती, आणि ती अजून तिथेच होती. आयसोलेटर मात्र इमानाने इंजिनाच्या बॅटरीला रिकाम्या जागेपासून वेगळं ठेवत होता.

मामांचा चेहरा पार उतरला.

"गाडी चालू होतली मां?" मामींनी विचारलं.

मामांनी घाबरत चावी फिरवली. एका झटक्यात चालू.

"मगे झाला तर," म्हणत मामी मागे टेकून बसल्या, आणि जेवण झाल्यावर मामांच्या खांद्यावर डोकं ठेवून चक्क झोपल्या. उकाडा मरणाचा होता. मामा आयसोलेटरच्या माहितीपुस्तिकेने त्यांना वारा घालत राहिले, हात भरून आला की हात बदलून. मला त्यांच्याबद्दल इतकी माया वाटली, की मी पुढे झालो.

"मामा, द्या इकडे, मी घालतो थोडा वेळ."

"नको रे," ते हळूच म्हणाले, "तीन वर्षांनी बसलीय."